तीनशे अठ्ठेचाळीस वेळा ‘नंतर’

१

सोमवारी सकाळी नऊला नोंदबाई आपल्या खुर्चीत बसल्या आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. समोरचा पडदा काळा होता. त्यावर लाल अक्षरांत दोन ओळी होत्या: तुमच्या सगळ्या नोंदींना कुलूप घातलं आहे, किल्ली हवी असेल तर संपर्क करा.

तो कारखाना वेड्यावाकड्या पावलांसाठी जोडे बनवणारा. एक पाय आखूड असलेली, बोटं नसलेली, टाच वळलेली माणसं तिथं येत. प्रत्येकाच्या पायाचं माप घ्यायचं, त्यावरून पायाच्या आकाराचं लाकडी कलबूत कोरायचं, कलबुतावर जोडा शिवायचा. मापं सगळी त्या कॉम्प्युटरात. पंचवीस वर्षांची, अकरा हजार माणसांची.

गुरुवारी चौकशीबाईंना बोलावणं आलं, तेव्हा कारखान्यातली यंत्रं बंद होती आणि पुढच्या खोलीत एक पोस्टमन कुबडी मांडीवर आडवी घेऊन बसला होता.

“किती दिवस घरी बसू?” तो कुणालाही उद्देशून म्हणाला नाही. नुसतं म्हणाला.

चौकशीबाईंनी एकतीस वर्षं एका वाहतूक कंपनीच्या हरवलेल्या सामानाच्या खात्यात काढली होती. कुठली पेटी कुठल्या गोदामात का अडकली, हे शोधता शोधता माणसं वाचायची सवय लागली. निवृत्तीनंतर लोक अशी कामं आणून देत आणि त्या घेत. घरी त्या आणि त्यांची बहीण अशा दोघीच राहत होत्या; बहीण गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून बाईंना घरात बसवत नसे. कुणाचं तरी काहीतरी हरवलेलं असलं, की दिवस बरा जाई.

त्यांना बोलावलं होतं धाकट्यांनी. कारखाना भावाबहिणीचा. बाहेरची विक्री धाकटे बघत, आतलं काम त्यांची थोरली बहीण. तिला सगळे ताईच म्हणत.

“चोर बाहेरचा आहे, तो काही तुमच्या हाती लागायचा नाही,” धाकट्यांनी सरळच सांगितलं. “मला आतला माणूस हवाय. दार उघडं कुणी ठेवलं, ते सांगा. म्हणजे मला माहीतच आहे. फक्त कागदावर हवंय.”

त्यांनी टेबलावरचं एक पाकीट बोटाने पुढे सरकवलं. नोंदबाईंना कामावरून काढल्याचं पत्र. एकोणीस वर्षांची नोकरी आणि चार ओळी. खाली सहीची जागा तेवढी मोकळी होती.

“उद्या संध्याकाळी सही करणार आहे,” धाकटे म्हणाले.

२

कॉम्प्युटरवाला हा कारखान्याने ठरवलेला बाहेरचा माणूस. अडलं की येई. चौकशीबाईंना कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नव्हतं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

“मला दाराकुलपाच्या भाषेत सांगा,” त्या म्हणाल्या.

“तसं सांगतो. सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी दर काही वर्षांनी नवं व्हर्जन काढते. जुन्याची डागडुजी काही काळ करते आणि मग सांगते, यापुढे आम्ही बघणार नाही. तुमच्याकडचं सातवं व्हर्जन. त्याचा सपोर्ट सहा महिन्यांपूर्वी संपला. त्यानंतर त्यात एक भोक सापडलं. नव्या व्हर्जनमध्ये ते बुजवलं, सातव्यात कोण बुजवणार? चोरांना तर अशीच घरं हवी असतात. मापांची जादा प्रत होती, पण तीही त्याच मशीनला जोडून ठेवलेली. तीही गेली.”

“आणि नवं का घातलं नाही?”

“तेच तर!” त्याने कागदांची चळत पुढे केली. “चौदा महिने रोज सकाळी कॉम्प्युटर चालू केला, की पाटी यायची. नवीन व्हर्जन आलंय: ‘आत्ता’ की ‘नंतर’? आपण दिलेलं उत्तर सॉफ्टवेअर कंपनीकडे नोंदलं जातं, म्हणून ते तरी वाचलं. हे बघा. तीनशे अठ्ठेचाळीस वेळा ‘नंतर’. एकदाही ‘आत्ता’ नाही.”

“कुणाच्या नावाने?”

“नोंदबाईंच्या. मशीनवर नावच एकाचं आहे. पासवर्ड मात्र कीबोर्डखाली चिठ्ठीवर चिकटवलेला.”

“म्हणजे कुणीही.”

“म्हणजे कुणीही,” तो हसला. मग आठवल्यासारखं करून म्हणाला, “एक गंमत सांगू? ती पाटी यायला लागली तेव्हा मी एक यादी पाठवली होती. नव्यात काय येईल, काय येणार नाही. मापं सगळी येणार होती. फक्त ‘शेरा’ नावाचा एक रकाना आहे ना, मापाखाली दोन-चार ओळी लिहायचा, तो नव्यात नाही. तो गळणार. त्यावर मला इथून फोन आला. शेरा खरंच येणार नाही का? मी म्हटलं, नाही. पुन्हा तेच. तीनदा विचारलं आणि फोन ठेवला.”

“कोण होतं?”

“नाव नाही सांगितलं. पण आवाज बाईमाणसाचा होता.”

कारखान्यात बायका दोनच होत्या.

३

नोंदबाई रिकाम्या टेबलाशी हात जुळवून बसल्या होत्या. काम नसताना बसायची सवय नसलेलं माणूस बसतं तशा. बुटक्या, पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेल्या. घरी कोण आहे विचारलं तर म्हणाल्या, “मी आहे.”

“शेऱ्यात काय लिहिलेलं असायचं?” चौकशीबाईंनी विचारलं.

“दादा सांगायचे, मी लिहायची.” दादा म्हणजे ताई-धाकट्यांचे वडील. कारखाना त्यांनीच उभा केला. ते वारल्याला तीन वर्षं होत आली. “त्यांनी कॉम्प्युटरला कधी बोट लावलं नाही. माप घेऊन झालं, की माझ्या मागे उभे राहायचे आणि बोलायचे. हा माणूस उजवीकडे झुकतो कारण त्या बाजूला त्याची बायको चालते. या बाईला दुखतं, पण सांगत नाही. टाच अर्धा बोट मऊ ठेवा. असलं.”

“आणि दादा गेल्यावर?”

“मिस्त्री माप सांगतात, मी लिहिते. शेरा कोरा.”

“रोज सकाळी ती अपडेटची पाटी यायची...”

“मला नाही दिसली,” नोंदबाई पटकन म्हणाल्या. “एकदाही नाही. मी येते तेव्हा कॉम्प्युटर चालूच असतो. धाकट्यांनाही तेच सांगितलं. त्यांचा विश्वास नाही बसला.”

“तुम्ही किती वाजता येता?”

“नऊला. बसच तशी आहे.”

चौकशीबाईंनी मान हलवली. दुपारी कारखान्याच्या मागच्या पायरीवर बसून डबा उघडला आणि कागदांची चळत मांडीवर घेतली. एकेका ओळीवर बोट ठेवत त्या खाली सरकल्या. ‘नंतर’च्या प्रत्येक नोंदीपुढे वेळ होती. सात पंचेचाळीस. सात त्रेचाळीस. सात सत्तेचाळीस. पानामागून पान तेच. कारखाना नऊला उघडतो. पावणेआठला त्या खुर्चीत कोण बसत होतं?

नोंदबाई खरं बोलत होत्या तर.

मग सहाव्या पानावर बोट थांबलं. तिथं सात दिवस सलग वेगळी वेळ होती. नऊ वाजून दोन मिनिटं. नऊ वाजून तीन. सातही दिवस नऊच्या पुढे, आणि सातही दिवस ‘नंतर’.

एकदाही पाटी दिसली नाही म्हणणाऱ्या बाईंना ती निदान सात वेळा दिसली होती. घास तसाच हातात राहिला.

४

मिस्त्री कलबुतं कोरणारे. पाठ वाकलेली, बोटं मात्र सुतारपक्ष्यासारखी चपळ. काम बंद असूनही ते एका लाकडाला कानशीने घासत होते.

“पावणेआठला इथं कोण असतं, मिस्त्री?”

“मला काय ठाऊक? मी साडेआठला येतो. दार उघडंच असतं.”

“कायम?”

“कायम. एकदाच काय तो घोळ झाला होता. आठवडाभर धाकटे स्वतः किल्ली घेऊन यायचे. त्यांचं येणं म्हणजे... आम्ही सगळे पायरीवर बसून. नऊ-नऊ वाजायचे. नोंदबाई धावतच आत जायच्या.”

“केव्हाची गोष्ट?”

“माझा हात बरा झाल्यानंतरची. त्याआधी तीन आठवडे मी घरी होतो, हे बघा.” त्यांनी अंगठ्याखालचा व्रण दाखवला.

चौकशीबाईंनी हजेरीची वही मागून घेतली आणि खिडकीशी नेली. एका बाजूला वही, एका बाजूला वेळांचे कागद. मिस्त्री तीन आठवडे घरी. ते तीनही आठवडे ‘नंतर’ पावणेआठला. मिस्त्री नव्हेत. नोंदबाई बहिणीच्या ऑपरेशनसाठी वगैरे धरून वर्षभरात बावीस दिवस रजेवर. ते बावीसही दिवस पावणेआठला. म्हणजे पावणेआठचं माणूस नोंदबाई नव्हेत. धाकटे महिन्यातले दहा दिवस दौऱ्यावर. कागदांवर ओरखडाही नाही. शिवणारे दोघे, साफसफाईवाला, सगळ्यांच्या रजा त्यांनी ताडून पाहिल्या. कुणाच्याही गैरहजेरीने पावणेआठ चुकलेलं नव्हतं.

चुकलं होतं ते फक्त त्या सात दिवसांत. आणि त्या सातही दिवसांत वहीतली यच्चयावत माणसं हजर होती.

चौकशीबाईंनी वही मिटली. गोदामात त्यांना एक धडा मिळाला होता: यादीतलं सगळं सामान जागेवर असेल आणि तरी काहीतरी कमी असेल, तर जे यादीत चढलंच नाही ते शोधायचं. हजेरीच्या वहीत एका माणसाचं नाव नव्हतं. कारण ज्याची वही, त्याची हजेरी कोण घेणार?

“मिस्त्री,” त्यांनी हाक मारली, “त्या आठवड्यात धाकट्यांकडे किल्ली का आली होती?”

“ताई मुलीकडे गेल्या होत्या ना,” मिस्त्री लाकडावरची नजर न काढता म्हणाले. “बाळंतपणाला. जायचं नव्हतं त्यांच्या मनात. सातव्या दिवशी संध्याकाळी परत आल्या.”

५

शुक्रवारी सकाळी साडेसातला चौकशीबाई कारखान्याच्या पायरीवर होत्या. रस्ता ओलसर, दुकानं बंद. गल्लीच्या टोकाकडून पावलं ऐकू आली. एक नीट पडणारं, एक ओढत येणारं.

ताई साठीच्या आसपास होत्या. किल्ली हातात घेऊन त्या थांबल्या, बाईंकडे पाहिलं आणि काही न विचारता दार उघडलं. मग नोंदबाईंच्या खुर्चीत जाऊन बसल्या. समोर काळा पडदा.

“सवय झाली आहे यायची,” त्या म्हणाल्या. “आता इथं बघायला काही नाही, तरी आले.”

“फोन तुम्हीच केला होतात. शेऱ्यासाठी.”

“हो.”

चौकशीबाईंनी दुसरी खुर्ची ओढली. घाई केली नाही.

“जन्मापासून माझा डावा पाय आखूड,” ताई म्हणाल्या. “दादांनी पहिला जोडा माझ्यासाठी केला. कारखाना त्यातून निघाला. आणि मी केलेलं लग्न त्यांना कधी पसंत पडलं नाही; त्यावरून शेवटी इतकं तुटलं, की त्यांच्याशी अठरा वर्षं बोलले नाही. दोघंही हट्टी. मी बाजारातले जोडे घालायची, आत पुठ्ठे भरून. ते गेल्याचं कळलं तेव्हा आले. नवरा आधीच गेला होता, मुलगी लांब. राहिले इथंच. एकदा सकाळी लवकर आले होते, सहज हे उघडलं, तर शेरा. वाचताना त्यांचा आवाज ऐकू यायला लागला हो! तीच धाटणी, तेच तिरकं बोलणं. मग रोज एक वाचायचा असं ठरवलं. एकच.”

“छापून का नाही घेतलंत सगळं?”

“त्यासाठी कुणाला तरी सांगावं लागलं असतं.” त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. “या वयात, आपल्याच कारखान्यात चोरून बापाचं वाचते म्हणून. कसं सांगणार?”

“तुमच्या नावाची नोंदही असेल.”

“चौथ्या क्रमांकाची. कॉम्प्युटर आणला तेव्हा ती आधीच्या वहीतून उतरवून घेतली. ती नाही उघडली. मी दादांच्या शेवटच्या शेऱ्यापासून मागे यायला सुरुवात केली.”

चौकशीबाईंनी मनात हिशोब केला. “अकरा हजार. रोज एक. चौथ्या क्रमांकाला पोचायला तुम्हाला तीस-पस्तीस वर्षं लागली असती.”

“हो,” ताई म्हणाल्या. “तसंच हवं होतं.”

बाहेर एक गाडी घरघरत गेली. चौकशीबाईंना आपल्या घरातली बहिणीची खोली आठवली. दोन वर्षांत त्यांनी तिथली खिडकीसुद्धा उघडलेली नव्हती. त्यांनी तो विचार बाजूला सारला. त्या इथं कामाला आल्या होत्या.

“ताई, तुमच्या जागी दुसऱ्या बाईची नोकरी जाते आहे. आज संध्याकाळी.”

ताईंनी मान वर केली. त्यांना हे माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं.

“धाकट्याने मला नुसतं चौकशी लावली एवढंच सांगितलं,” त्या म्हणाल्या आणि उठल्या. “नऊ वाजू देत.”

६

नऊला सगळे मापाच्या खोलीत जमले. धाकटे, मिस्त्री, नोंदबाई. कॉम्प्युटरवालाही आला होता, नवं मशीन काखेत घेऊन. ताई टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता. शेवटी म्हणाल्या, “अकरा हजार माणसांची पावलं मी घालवली. नोंदबाईंनी नाही.”

धाकट्यांचा चेहरा पडला. ते काहीतरी रागाचं बोलणार होते. पण त्यांनी बहिणीकडे पाहिलं. खिशातलं पाकीट काढून त्यांनी उभं फाडलं, मग आडवं.

“मला सांगायचंस तरी, ताई,” ते एवढंच म्हणाले. “मी काय शेरा वाचला नसता?”

काम संपलं होतं. कागदावर हवं ते मिळालं होतं. पण चौकशीबाईंच्या डोक्यात सहावं पान होतं.

“एक राहिलं,” त्या म्हणाल्या. “तीनशे एक्केचाळीस वेळा ताईंनी ‘नंतर’ दाबलं. सात वेळा दुसऱ्या कुणी. त्या मुलीकडे होत्या तेव्हा, नऊ वाजून दोन-तीन मिनिटांनी. नोंदबाई, तुम्ही मला खोटं सांगितलंत.”

नोंदबाई लाल झाल्या. पदराशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, “सांगितलं.”

“का?”

“हे जुनं आहे ना, ते बंद केलं तरी दुसऱ्या वेळी उघडताना मागे जी नोंद बघितली तीच दाखवतं. मी रोज आले की एक शेरा पडद्यावर असायचाच. पहिल्या आठवड्यातच कळलं मला, कोण बसतं ते. खुर्चीखाली पुठ्ठ्याचा भुगा पडलेला असायचा.” त्यांनी ताईंकडे पाहिलं नाही. “मीही तो वाचायची. मला तर सगळे माहीतच होते, माझ्याच हातचे. तरी वाचायची. घरी कुणी बोलायला नसतं. वाटायचं, सकाळी दादांनी काहीतरी सांगितलं. आधी तुम्हाला, मग मला. तुम्ही गेलात तेव्हा ती पाटी आली. शेरा गळणार ही यादी मीही पाहिली होती. ‘आत्ता’ दाबलं असतं तर तुम्ही परत आल्यावर रिकामं दिसलं असतं. म्हणून ‘नंतर’ म्हटलं.”

“आणि नोकरी जात होती तरी गप्प बसलात?” धाकट्यांनी विचारलं.

“मग काय सांगू? ताई रोज सकाळी इथं एकट्या येऊन बसतात, म्हणून?”

चौदा महिने दोन बायका एका टेबलाशी, एकीनंतर दुसरी, तेच चार शब्द वाचून उठत होत्या. मधे सव्वा तासाचं अंतर होतं आणि दोघींपैकी एकीनेही ते ओलांडलं नव्हतं.

ताईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“तुम्हाला सगळे आठवतात?”

“सगळे नाही. पुष्कळ आठवतात.”

“चौथा?”

नोंदबाईंनी या वेळी मान वर केली.

“आठवतो. दर वर्षी एकाच तारखेला सांगायचे. तुमच्या वाढदिवसाला असणार. मी कधी विचारलं नाही. माझ्या मागे उभे राहायचे आणि म्हणायचे, चौथा काढ. लिही.” त्यांनी डोळे मिटून शब्द जसेच्या तसे म्हटले. “माप घेतलेलं नाही. मागचंच धरलं आहे. एवढंच. मी यायच्या आधीच्या दोन ओळी वहीतून उतरवलेल्या, त्याही तशाच. बाकीच्यांबद्दल किती बोलायचे. तिथं फक्त एवढंच. दर वर्षी.”

“किती ओळी?”

“अठरा.”

ताई हळूच टेबलाच्या कडेने सरकत खाली, गिऱ्हाइकाच्या ठेंगण्या स्टुलावर बसल्या. चौकशीबाईंनी नजर दुसरीकडे वळवली. मिस्त्री नाक ओढत कानस पुसत राहिले. मग ताईंनी वाकून डाव्या जोड्याची नाडी सोडली.

“मिस्त्री,” त्या म्हणाल्या, “माप घ्या. नवीन.”

मिस्त्री गुडघ्यांवर बसले. कॉम्प्युटरवाल्याने नवं मशीन लावलं, दोनदा काहीतरी विचारलं आणि मग नोंदबाईंना खुर्ची दिली. बाहेर आजही येऊन बसलेला पोस्टमन कुबडी टेकत उठला आणि दारातून आत बघायला लागला.

“शेऱ्याला जागा नाही यात, ताई,” नोंदबाई पडदा शोधून म्हणाल्या.

“असू दे. वही आणू एक. तुम्ही सांगा, मी लिहीन. आठवतील तेवढे.”

चौकशीबाईंनी आपली पिशवी उचलली. निरोप घ्यावा असा कुणी मोकळा नव्हता, म्हणून त्या तशाच निघाल्या. पायरी उतरताना मागून मिस्त्रींचा आवाज येत होता, “लांबी एकवीस आणि अर्धा,” आणि नोंदबाई तोच आकडा सावकाश पुन्हा म्हणत होत्या.